जुन्या प्रोसेसरला निरोप

कोडमधल्या काढून टाकायच्या ओळी स्क्रीनवर लाल दिसतात. आज सकाळी माझ्यासमोर अख्खं पान लाल होतं आणि माझा हात काही पुढे होईना.

मी कर्नलवर काम करते, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमवर. तिथे एकाच मेमरीत अनेक प्रोसेसर एकदम लिहीत-वाचत असतात. एका जुन्या जातीच्या प्रोसेसरची खोड विचित्र होती. शेजारच्याने नवी माहिती कुठे ठेवली ते त्याला कळायचं, पण तिथे जाऊन तो वाचायचा मात्र जुनीच. त्याच्यासाठी सगळ्यांच्याच वाटेत जास्तीचे नियम घातले होते. कोड वाचणारी नवखी माणसं तिथे हमखास अडखळायची.

तसं मशीन अजून वापरणारे माझ्या ओळखीत एकच, निवृत्त प्राध्यापक सबनीस सर. शेवटी त्यांना फोन केला.

"सर, तुमच्या मशीनचा सपोर्ट काढतेय. वाईट वाटतंय."

"अगं, काढ की! माझं मशीन जुन्या कर्नलवर चालेल. आणि खरं सांगू? तो भाग मला कधी नीट कळलाच नाही. आता सोपा झाला की पाठव."

मी त्या ओळी काढल्या आणि उरलेला कोड सरांना पाठवला. निरोप देताना आपल्याला जाणारं तेवढं दिसतं. मागे मोकळी झालेली जागा नजरेत भरायला थोडा वेळ लागतो.

संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"एका बैठकीत वाचला गं! मला त्यात एक सुधारणा सुचतेय. ऐकतेस?"