पहले बोलो, फिर देखो

आमच्या एअर रायफल क्लबात माझ्या शेजारच्या लेनमध्ये साठीच्या एक बंगाली बाई येतात. अंगावर सुती साडी आणि तिच्यावर नेमबाजीचं जाडजूड जॅकेट. त्यांचं नाव मला अजून माहीत नाही.

बराच वेळ त्या छर्रा न भरताच नेम धरतात आणि चाप ओढतात. मग कधीतरी एक छर्रा झाडतात आणि दुर्बिणीला डोळा लावायच्या आधीच मोठ्याने सांगतात, "उजवीकडे, जरा वर." बघावं तर छर्रा तिथेच लागलेला!

मी मात्र नेम चुकला की छर्ऱ्यांच्या नावाने खडे फोडायची. जड वापरून झाले, हलके झाले, परदेशी झाले. एकदा नवा डबा उघडत होते, तर बाईंनी झाकणावर हात ठेवला.

"पहले बोलो, फिर देखो," त्या म्हणाल्या. "तू कुठे हललीस तेच तुला कळत नाही, मग छर्रा वाईट होता हे कशावरून?"

राग आला मला. पण हट्टाने सगळा पावसाळा एकाच जातीच्या छर्ऱ्यांवर काढला.

काल चाप ओढला आणि तोंडातून निघून गेलं, "डावीकडे, खाली." दुर्बिणीतून पाहिलं. अगदी तिथेच! नेम चुकला होता आणि माझी मान ताठ झाली होती.

बाईंनी स्वतःच्या रायफलवरचा गाल उचललासुद्धा नाही. म्हणाल्या, "हं. आता बदल छर्रे."