रडारला न दिसणारं विमान

मी कागल एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिस्पॅचला होतो, तेव्हा तिथं लेथवर एक मिस्त्री होते. रोजच्या ओळखीच्या माणसालाही ते 'पावणं' म्हणायचे आणि केलेला प्रत्येक भाग तीनदा मोजायचे.

एकदा परदेशी ऑर्डर आली. अनेक देश मिळून रडारला न दिसणारं लढाऊ विमान बनवतायत, त्यातलाच हा भाग, असं साहेबांनी सांगितलं. तेच हवेत लढणार, तेच बॉम्ब टाकणार, तेच टेहळणी करणार.

"एकच गडी एवढं समदं करणार व्हय?" मिस्त्री गोंधळले.

माल पाठवायच्या दिवशी एक भाग केसभर कमी भरला. साहेब म्हणाले, "चालतंय, पाठवा." मिस्त्रींनी तो हातोड्यानं ठेचला.

"आत माणूस बसणार हाय की, साहेब!"

"उद्यापासून घरी बसवीन," असं ओरडून साहेब निघून गेले.

मी म्हणालो, "मिस्त्री, एकाचा जीव वाचवलात."

त्यांचा चेहरा काही खुलला नाही. "व्हय. पण पावणं, खाली ज्यांच्यावर त्ये बॉम्ब टाकणार, त्यांचं काय?"

त्यांनी नवा तुकडा लेथला लावला, पण मशीन सुरू करायला त्यांचा हात बराच वेळ उठला नाही.