दिवसा लागलेला दिवा

एकोणीसशे तीस नुकतंच उलटलं होतं. मुंबईत दोन वर्षं वायरमनचं काम शिकून मी मुरुडच्या एका भातगिरणीत लागलो. इंजिन दिवसभर भात भरडायचं. दिवेलागणीला त्याचा पट्टा डायनॅमोवर चढवला की गिरणीत आणि शेटच्या घरी दिवे लागायचे. डायनॅमोच्या खोलीपासून गिरणीपर्यंत अंगणावरून दोन उघड्या तांब्याच्या तारा गेल्या होत्या. रेताड जमिनीत खांब कलल्यामुळे त्या हाताला लागतील इतक्या खाली आल्या होत्या.

भात उकडायच्या चुलाणावर एक विधवा बाई होती. मला भाऊ म्हणायची. एकदा तिनं भीत भीत विचारलं, ओली गोणपाटं या तारांवर वाळत घातली तर चालतील का. मला हसू आलं. मी मुठीत तार धरून दाखवली आणि सांगितलं, दिवसा ही मेलेली असते, खुशाल घाल. तेव्हा माझा शिष्टपणा भलताच होता. त्या दिवसापासून गोणपाटं तारांवरच वाळू लागली.

एके दिवशी दुपारी शेटकडे मुंबईचे पाहुणे आले. त्यांना घरची वीज दाखवायची म्हणून शेटनं इंजिनवाल्याला पट्टा डायनॅमोवर चढवायला सांगितलं. मला कुणी कळवलं नाही. मी गिरणीच्या कोठारात होतो. डोक्यावरचा दिवा लागला. भर दुपारी लागलेल्या त्या दिव्याकडे मी क्षणभर बघतच राहिलो, आणि मग मला तारांवरची गोणपाटं आठवली.

धावत अंगणात आलो. चुलाणावरची ती बाई अनवाणी, ओल्या जमिनीवर उभी होती. दोन्ही हात गोणपाटावर, अंग थरथरत होतं, तोंडातून आवाज फुटत नव्हता. दुसरी एक बाई तिला ओढायला धावली. तिला मी ढकलून पाडलं आणि ओरडलो, "हात लावू नका कुणी!" मीही त्या चिकटलेल्या बाईला शिवलो नाही. तिच्या शेजारून डायनॅमोच्या खोलीकडे पळालो. वीस-पंचवीस पावलांचं अंतर, पण ते काही केल्या संपेना. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. खटका खाली ओढून वीज तोडली.

ती वाचली. उजवा तळवा भाजला होता. बायकांनी त्यावर खोबरेल लावून फडकं बांधलं.

तासाभरानं शेटनं सगळ्यांना अंगणात उभं केलं. पाहुण्यांपुढं नाचक्की झाल्यामुळे तो धुमसत होता. तारांवर गोणपाटं घालायला कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला डोळ्यांनी गप्प राहा म्हटलं की नाही, हे आजही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

"कुनी न्हाय सांगितलं," ती म्हणाली. "माजी मीच घातली."

शेटनं तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही तर मुंबईहून शिकून आलेले. चूक तिचीच ना?"

ती फडकं बांधलेला हात छातीशी धरून उभी होती. मी होकारार्थी मान हलवली.