तांडेल सिस्टरांचं थंड सलाईन

ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात मासळीचा थर्माकोलचा डबा होता. झाकण उचललं तर आत फोडलेला बर्फ, आणि बर्फात गळ्यापर्यंत रुतवलेल्या सलाईनच्या चार सीलबंद बाटल्या.

"सिस्टर, हे काय?"

"बर्फ," तांडेल सिस्टर म्हणाल्या. "वाणगावचे ना तुम्ही? मिरचीवाल्यांनी बर्फ बघितला नसेल."

"पण प्रोटोकॉलमध्ये कोमट सलाईन लिहिलंय."

"लिहिलंय ना. त्याच कोमट पाण्याने मागच्या वेळी सोमी टेबलावरून उठून गेली. आज आलीये ती मी तिच्या पाड्यावर जाऊन हात जोडले म्हणून. तुम्ही फक्त घड्याळ लावा."

मी मेडिकल डिव्हाइस बनवणाऱ्या एका कंपनीत क्लिनिकल मॉनिटर होतो. नवीन उपकरणाची माणसांवर चाचणी चालू असते तिथे जायचं आणि सगळं प्रोटोकॉलप्रमाणे, म्हणजे आधी लिहून मंजूर केलेल्या नियमांप्रमाणे चाललंय का ते तपासायचं, हे माझं काम. तलासरीतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात आमची चाचणी होती. ती माझ्याकडे आली कारण मी तिकडचा. वडील मिरचीच्या वाडीत मजुरी करायचे, आई क्रेट भरायची. शाळा वाणगावची, मराठी माध्यमाची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आमचे रिसर्च हेड सबनीस सर, त्यांनी इंटरव्ह्यूत माझं इंग्रजी ऐकूनसुद्धा मला घेतलं होतं. ते मी कधी विसरलो नाही. पुढे जे झालं त्यात याचा मोठा वाटा आहे.

उपकरण म्हणजे इंजेक्शनने शरीरात सोडायची एक जेल. खोल गळू फोडल्यावर आत पोकळी राहते. ती वरून बंद झाली आणि आत पू राहिला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून डॉक्टर तिच्यात गॉजची पट्टी भरतात आणि रोज बदलतात. चिकटलेली पट्टी ओढून काढताना ज्याने सोसलंय त्याला जास्त सांगायला नको. आमची जेल फ्रिजमध्ये पाण्यासारखी पातळ असायची. सिरिंजने पोकळीत सोडली की अंगाच्या उष्णतेने मिनिटभरात घट्ट व्हायची आणि तीन दिवस हळूहळू औषध सोडत राहायची. तिसऱ्या दिवशी ती काढून नवी भरायची.

भरणं आम्हाला छान जमलं होतं. काढण्याचा विचार मात्र कोणी केला नव्हता. लॅबमध्ये आम्ही खाटकाकडून आणलेल्या मांसात जेल भरायचो, आणि बघायची वेळ आली की सुरीने मांस उभं कापायचो. मांस काही ओरडत नाही. 'कोमट सलाईनने धुवून चिमट्याने काढावी' हे वाक्य प्रोटोकॉलमध्ये आलं ते केवळ सवयीने. जखम कोमट पाण्यानेच धुतात, म्हणून. प्रत्यक्षात कोमट पाण्याने जेल आणखी घट्ट धरून बसायची. तुकडे तुकडे निघायचे, रक्त यायचं. तलासरीचे पेशंट तिसऱ्या दिवशी यायचेच बंद झाले. आमच्या रिपोर्टमध्ये त्याचं कारण 'पेशंटमध्ये जागरूकतेचा अभाव' असं होतं. ते मीच लिहिलं होतं.

सोमी पन्नाशीची बाई. मांडीत बांबूचा सल घुसून गळू झालेलं. तिने टेबलावर पडल्या पडल्या पदर तोंडात धरला. सिस्टरांनी बाटलीतून सिरिंज भरली, वारलीत तिला गार लागेल म्हणून सांगितलं आणि सावकाश आत सोडली. पहिल्या सिरिंजला काही झालं नाही. तिसरीनंतर पोकळीच्या तोंडाशी दह्यासारखी दिसणारी जेल सैल झाली. मग खालच्या ट्रेमध्ये नुसतं गढूळ पाणी वाहत आलं. चिमटा बाजूला कोरडाच पडून होता. सोमी खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने तिने पदर तोंडातून काढला आणि सुरू कधी करणार म्हणून विचारलं.

"झालं तुझं," सिस्टर म्हणाल्या.

सोमीचा विश्वास बसेना. तिने मान उचलून मांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

चार मिनिटं चाळीस सेकंद. मी वहीत लिहून ठेवलं.

"तुम्हाला हे सुचलं कसं?"

"त्यात काय सुचायचं? आम्ही आगरची, किनाऱ्यावरची माणसं. शिंगाळा माशाच्या डोक्याचं कालवण फ्रिजात ठेवलं की थिजतं, गॅसवर ठेवलं की पातळ. तुमच्या जेलचं सगळं उलटं. गारव्यात पातळ, उबेत घट्ट. मग काढताना तिला ऊब देऊन कसं चालेल? तुम्ही एवढे शिकलेले..." त्या ग्लोव्हज काढायला लागल्या.

लॅबमध्ये बीकरला चिकटलेली जेल आम्ही रोज थंड पाण्याच्या नळाखाली धुवायचो. इंजिनियर, पीएचडी झालेले, सगळे. पण ते भांडी घासणं होतं. त्याचा संशोधनाशी संबंध आहे असं एकालाही वाटलं नव्हतं.

"डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारलं की. करून बघा म्हणाले. चाचणीच्या फ्रिजला तुमचं कुलूप, म्हणून बर्फ डहाणूहून आणला. एसटीत कंडक्टर म्हणतो, सिस्टर, आज बोंबील आहेत की पापलेट?"

मी बाहेर व्हरांड्यात येऊन सबनीस सरांना फोन लावला.

"कोणाच्या परवानगीने?" सरांनी विचारलं.

"डॉक्टर हो म्हणाले होते. तोंडी."

"तोंडी म्हणजे नाही. डिव्हिएशन लिही. कारणाच्या रकान्यात इंडिव्हिज्युअल नॉन-कम्प्लायन्स टिक कर." मग म्हणाले, "किती वेळात निघाली म्हणालास?"

"चार मिनिटं चाळीस सेकंद."

"पूर्ण?"

"पूर्ण. चिमटा लागलाच नाही."

"बरं. सलाईनचं टेम्परेचर मोजून घे. ते फॉर्ममध्ये नको. मला वेगळं मेल कर."

डिव्हिएशन म्हणजे प्रोटोकॉलपासून हटणं. ते लिहायलाच हवं होतं, याबद्दल आजही माझं दुमत नाही. माणसांवरच्या चाचणीत ज्याने त्याने आपल्या मनाने काही केलं तर एखाद्याच्या जिवावर बेतेल. प्रश्न कारणाच्या रकान्याचा होता. तिथे चार चौकोन असतात. त्यातला एक 'प्रोटोकॉलमध्येच त्रुटी' हा होता. दुसरा, व्यक्तीने नियम पाळला नाही, हा. मला खरं काय ते माहीत होतं. मी दुसऱ्यावर टिक केलं. खाली 'मासळीचा डबा उपचारकक्षात आढळला' हेही लिहिलं, कारण मॉनिटरने काही सोडायचं नसतं.

फॉर्मवर सिस्टरांची सही लागत होती. त्या पुढच्या पेशंटचं ड्रेसिंग करत होत्या.

"वाचायला हवं का?"

"नाही हो. फॉर्मॅलिटी आहे."

"मग द्या. आपल्या तालुक्यातल्या मुलावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर?"

त्यांनी उभ्या उभ्या सही केली.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र रुग्णालयात गेलं. सदर परिचारिकेस अभ्यासातून, म्हणजे चाचणीतून, वगळण्यात यावं. प्रत ट्रस्टला. आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मला सही घेताना माहीत होती. रुग्णालयाच्या इनचार्ज सिस्टर त्या वर्षी निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी तांडेल सिस्टर येणार हे शिपायापासून सगळे धरून चालले होते. अठरा वर्षं त्या आगरहून डहाणू, डहाणूहून तलासरी असा प्रवास करत होत्या. इनचार्जला रुग्णालयाच्या आवारात राहायला खोली मिळते. त्यांचे गुडघे गेले होते. त्यांना पदापेक्षा ती खोली हवी होती.

पत्र आल्यावर त्या ट्रस्टचं ऑफिस सांभाळणाऱ्या पारेखभाईंकडे गेल्या. माणूस वाईट नव्हता. "बेन, कागळ तो कागळ छे," एवढंच म्हणाला. कागद तो कागद. डॉक्टरांना परवानगीचं विचारलं तर त्यांना नीट आठवेना. इनचार्ज म्हणून दुसऱ्या सिस्टर आल्या.

आमच्या ऑफिसात मात्र वातावरण आनंदाचं होतं. सोमीची केस डिव्हिएशनमध्ये गेल्यामुळे निकालांच्या तक्त्यातून वगळली गेली. पण माझ्या मेलवरून लॅबमध्ये प्रयोग सुरू झाले. किती थंड, किती वेळ, किती सलाईन. दोन महिन्यांत प्रोटोकॉल बदलला. 'जेल थंड सलाईनने विरघळवून काढावी.' नव्या नियमाने पेशंट तिसऱ्या दिवशी यायला लागले. त्यांची जागरूकता एकदम वाढली असावी.

मग पेटंटचं ठरलं. पेटंटच्या अर्जाआधी कंपनीत एक फॉर्म भरतात. शोध काय, कोणी लावला, कल्पना कशी आली. भरायचं काम माझ्याकडे आलं. कल्पनेच्या रकान्यात मी लिहिलं, 'तलासरी येथील परिचारिका हेमलता तांडेल यांनी सर्वप्रथम थंड सलाईन वापरून जेल काढली.' शोध लावणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं टाकलं.

सबनीस सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"हे काय आहे?"

"सर, कल्पना त्यांचीच होती."

"त्यांनी बर्फ वापरला. टेम्परेचरची रेंज कोणी काढली? आपण. शिवाय विचार कर, याच बाईंवर आपण नॉन-कम्प्लायन्स लावलंय. उद्या कोणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर?"

सरांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"आणि तुझं नाव तिसरं टाकलंय मी. तुझ्या शाळेतल्या किती जणांचं नाव पेटंटवर आहे?"

"कोणाचंच नाही, सर."

"मग?"

मी थँक यू म्हणालो. शपथेवर सांगतो, मनापासून म्हणालो. बाहेर येऊन जागेवर बसलो आणि ते वाक्य काढून टाकलं. त्या जागी 'नियमित प्रयोगांदरम्यान निरीक्षणास आले' असं टाइप केलं.

पेटंट मिळालं. त्याच्या पहिल्या क्लेममध्ये, म्हणजे ज्या वाक्याने शोधावर हक्क सांगतात त्यात, थंड सलाईनच आहे. शाळेने सत्कार केला. शाल, नारळ, मुख्याध्यापकांचं भाषण. पहिल्या रांगेत आई नवीन साडीत बसली होती. मुलांनी विचारलं, सर, तुम्हाला हे कसं सुचलं? मी लॅबमधल्या बीकरची गोष्ट सांगितली. ती खोटी नव्हती.

घरी न जाता मी डहाणूची गाडी पकडली आणि रिक्षाने आगरला गेलो. सिस्टर ओट्यावर सुकलेले बोंबील निवडत बसल्या होत्या. त्यांचा सुट्टीचा दिवस होता. मला बघून उठल्या नाहीत. गुडघे, म्हणाल्या. मी दोन्ही कागद आणले होते. डिव्हिएशनची प्रत आणि पेटंटचं पहिलं पान. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, आणि या वेळी दोन्ही पूर्ण वाचले.

"हा पहिला कागद मागे घेता येतो?" त्यांनी विचारलं.

"पेटंटमध्ये तुमचं नाव यावं म्हणून मी प्रयत्न..."

"ते राहू दे हो. पेटंट घेऊन मी काय करू? हा मागे घेता येतो का ते सांगा. माझी अजून आठ वर्षं नोकरी आहे."

"विचारतो."

"आणि सोमीला दुखलं नाही, ते कुठे लिहिलंय?"

मी दोन्ही कागद पुन्हा चाळले. डिव्हिएशनच्या फॉर्ममध्ये तो रकाना नसतो. तक्त्यातून तिची केस गेली होती. पेटंटमध्ये पेशंट नसतात.

"माझ्या वहीत आहे," मी म्हणालो. "वेळ, तारीख, तुमचं नाव."

"तुमची वही कोण वाचतंय?"

त्यांनी चहा विचारला नाही. आमच्याकडे दारात आलेल्याला चहा विचारत नाहीत असं सहसा होत नाही.

मी कंपनीला रीतसर लिहिलं, की तो चौकोन मी चुकीचा टिक केला होता. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अभ्यास बंद झाला आहे, बंद अभ्यासाच्या नोंदी बदलता येत नाहीत. मग माझ्या सहीने एक पत्र ट्रस्टला दिलं. पारेखभाईंनी ते वाचलं, माझ्यासमोर सिस्टरांच्या फाइलमध्ये लावलं. जुनं पत्र काढलं नाही. आता फाइलमध्ये दोन्ही आहेत, एकामागे एक. सिस्टर अजून आगरहूनच जातात.

मी आता नवीन मॉनिटरना ट्रेनिंग देतो. ती बढती मला पेटंटनंतर मिळाली. डिव्हिएशन फॉर्मचा तास माझ्याकडे असतो. मुलांना सांगतो, कारणाचा चौकोन शेवटी भरा, आणि सही मागताना फॉर्मॅलिटी हा शब्द वापरू नका. मुलं लिहून घेतात. का, ते अजून कोणी विचारलेलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलेलं नाही.