फवारणीच्या पंपांनी विझवलेली गंजी

आमचं गाव संग्रामपूरपासून नऊ किलोमीटर. दहा-बारा वर्षांपूर्वी आगीचा बंब लांबच्या शहरातून यायचा, त्याला तास-सव्वा तास लागायचा. तोवर विझवणारे आम्हीच. भोंग्यावरून हाक आली की घराघरातून एकेक माणूस पाठीवर फवारणीचा पंप अडकवून धावायचा. आता फोन केला की बंब लवकर येतो. चांगलंच आहे. पण ती धावणारी माणसं मला अजून आठवतात.

एका मार्चमध्ये, भर दुपारी, शेजारच्या काकांची कडब्याची गंजी पेटली. सहा जनावरांचा पावसाळ्यापर्यंतचा चारा होता तो. मी वांग्यावर फवारणी करत होतो, तसाच पळालो. चोवीस पंप जमले. सोळा लिटरचा एक, म्हणजे एका खेपेला तीनशे चौऱ्याऐंशी लिटर पाणी. तासाभरात आग विझली. बाराशेपैकी पाचशे पेंढ्या वाचल्या. काका स्वतः सगळ्यांना पाणी देत फिरले.

पेला तोंडाला लावला तेव्हा हाताला औषधाचा वास आला. पंप मी रिकामा केलाच नव्हता. पहिली खेप औषधाची होती, आणि ती न जळलेल्या बाजूवरच मारली होती. गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. जनावरांनी मात्र तो कडबा खाल्ला असता.

"काका, माह्या पंपात किडीचं औषध होतं."

"काऊन बे, आगीले अळी लागली होती काय?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. काका पेंढ्यांकडे पाहत राहिले.

मग आणखी दोघांनी पेले खाली ठेवले. "माह्याही पंपात थोडं होतं."

कोणत्या पेंढीवर काय पडलं ते सांगता येईना. पाचशेच्या पाचशे पेंढ्या खड्ड्यात टाकून आम्ही वर माती ओढली. काका पाठ फिरवून घरात गेले.

मी हिशेब केला. रोज बारा पेंढ्या, नव्वद दिवस, म्हणजे एक हजार ऐंशी. आम्ही तिघांनी दीडदीडशे दिल्या. उरलेल्या एकवीस घरांनी मी न मागता तीसतीस आणून टाकल्या. दिवस मावळायच्या आत नवी गंजी रचून झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भीतभीत गोठ्यात डोकावलो. बैल खात होते.

"तुह्या पेंढ्या लयच बारीक हायेत बे," काका म्हणाले, आणि चहा ठेवायला त्यांनी घरात हाक दिली.