राजा मागं सरला

मी पेन्नुब. राजांची थडगी कोरणाऱ्या गावातला दगडफोड्या. पण गावात माझं नाव आहे ते हातापेक्षा खांद्यामुळं. सणाला आमेनहोतेप राजाच्या मूर्तीची पालखी निघते, तिचा पुढचा दांडा माझा. कातळावर मारलेली हातोडी ज्याच्या बोटावर पडते, त्याच्या खांद्यावर देव द्यायचा, हे आमच्या गावचं शहाणपण.

राजाला जाऊन कैक पिढ्या झाल्या. त्यानं कोणत्या लढाया मारल्या ते आमच्यात कुणी सांगणार नाही. त्यानं आणि त्याच्या आईनं मिळून हे गाव वसवलं, एवढं मात्र शेंबडं पोरही सांगतं. देवळात अजून मायलेक शेजारी शेजारी बसलेत. गाढवाचा तंटा असो की भिंतीचा, कौल राजाचाच. पालखी पुढं आली की होय, मागं सरली की नाही. राजा चालतो की तुम्ही चालवता, असं कुणी विचारलं की मी छाती फुगवून सांगायचो, वढतो त्यो, खांद्याला कळतं, आपण निस्तं पाय टाकायचं.

आमची आत्या निपुत्रिक वारली. तिची कोठडी माझ्या घराला लागून. नदीपल्याड आई एकटी, डोळ्यांनी अधू. तिला तिथं आणावं असं माझ्या मनात. शेजारच्या आमेकला तीच कोठडी बिअरच्या रांजणांसाठी हवी. मी म्हटलं, राजालाच विचारू. ज्यानं मेल्यावरही आई शेजारी बसवून घेतली, तो मला नाही म्हणेल होय?

ज्याचा तंटा, त्यानं पालखीसमोर उभं राहायचं. म्हणून माझ्या दांड्याखाली मी मेव्हण्याला, इपुयला, दिलं. घरचा माणूस! तो माझ्या घरचा नसून माझ्या बायकोच्या घरचा आहे, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. बायको हुनरो आणि आई मागं थोडे दिवस एका चुलीवर होत्या. तेव्हा फुटलेल्या मडक्यांच्या खापऱ्या अजून अंगणात सापडतात.

सणादिवशी मी खणखणीत आवाजात कौल मागितला. पालखी एक पाऊल पुढं आली. मी हात वर केले. तेवढ्यात ती अशी झपाझप मागं गेली की मागचे भोई भिंतीला चिकटले. हुनरो राजाकडं भक्तिभावानं बघत होती. एरवी ती सणाला निवडणटिपण घेऊन बसते.

सांजच्याला इपुयला गाठलं. "का रं, मागं का सरलास?"

"म्या न्हाई, दाजी," तो कांदा चावत म्हणाला. "राजा सरला. खांद्याला कळतं, तुमीच सांगता न्हवं?"

भोयांनी ढकललं म्हणावं, तर आजवर माझ्या खांद्यानं निवाडलेली गाढवं आणि भिंती उद्या दारात उभ्या. चारचौघांत मीच शपथेवर सांगितलं, कौल खरा आहे. आमेकनं त्याच दिवशी रांजण आत सरकवले.

मग नावेत बसून आईकडं गेलो. ती चाचपडत मसूर निवडत होती. राजा नाही म्हणाला, एवढंच बोललो.

"फुडल्या दांड्याला कोन हुता?"

"इपुय."

"त्येला हुबा कुणी केला?"

"मीच."

तिनं एक खडा वेचून बाहेर फेकला. "मग राजाला कशाला नावं ठेवतूस? चूल पेटव."

चूल पेटवली, मसूर मीच शिजत घातली. करपली. तिनं तशीच खाल्ली.