मोरीकडची भिंत

आमच्याकडे नळाची तोटी कोणी बंद करत नाही. पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि तासा-दीड तासात जातं. म्हणून तोटी उघडी ठेवायची, तिला पाइप लावायचा आणि पाइपचं दुसरं टोक ड्रममध्ये सोडून द्यायचं. पाणी यायच्या आधी नळातून हवा फुसफुसते. त्या आवाजाने घरातलं कोणी ना कोणी उठतंच. शेजारच्या लग्नाच्या बँडने जाग येणार नाही, पण या फुसफुसण्याने येते.

घरात ऐकणारं कोणी नसलं, तर मात्र तोटी बंद करून जावं लागतं. एवढी साधी गोष्ट मी विसरले. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, हातचा विसरणाऱ्या पोरांचे कान धरले. आता माझा कान धरायला घरात कोणी नव्हतं.

झालं असं, की दोन तासांवरच्या उंद्री गावात बहिणीकडे तिच्या वारलेल्या सासूबाईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. एक मुक्काम करून परत यायचं होतं. माझे यजमान जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. ते असताना गावाला निघायची आमची वाटणी ठरलेली असे. कुलूप मी लावायचं, नळ त्यांनी बंद करायचा. त्या दिवशी मी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि बस गाठली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास परत आले, तर शेजारीण माझ्या ओट्यावर उभी होती. भिंतीला भिंत लागून तिचं घर, वीस वर्षांचा शेजार. तिच्या पायाशी माझ्या दाराखालून आलेलं पाणी पसरलं होतं.

"किती पानी वाया गेलं वो मॅडम!" ती म्हणाली. "सकायपासून फोन लावून राह्यली, लागूनच नाही राह्यला."

घर बुडालं असं ती म्हणाली नाही. पाणी वाया गेलं म्हणाली. मलाही आधी तेच वाटलं, हे कबूल करते.

आमचा नळ घरात आहे, मागच्या खोलीत, मोरीच्या कडेला. अंगणातला नळ यजमानांनीच आत घेतला होता, मला थंडीत बाहेर जावं लागू नये म्हणून. ड्रम भरून वाहिला की पाणी मोरीतून जाणारच. पण मोरीच्या तोंडाला मी चिंध्यांचा बोळा ठोकून ठेवला होता, कारण त्या भोकातून घूस येते. मागची खोली मधल्या खोलीपेक्षा वीतभर खाली. ती पूर्ण भरली आणि मग पाणी उंबरा ओलांडून पुढे आलं. गव्हाचं पोतं खालून फुगलं होतं. गोधड्यांची पेटी ओली, कपाटाचे पाय पाण्यात, आणि एक चप्पल निवांत तरंगत होती.

आता इथे कोणीही शहाणा माणूस काय करील? बोळा ओढून काढील. दहा मिनिटांत पाणी गटारात जाईल. मी तसं केलं नाही. मी साडी खोचली, पातेलं घेतलं आणि ते पाणी बादलीत भरायला लागले. शेजारीणही पदर खोचून आली. झाडांना होईल, संडासात टाकायला होईल, ओटा धुवायला होईल, असं आम्ही एकमेकींना सांगत होतो. पुढचे आठ दिवस नळाला थेंब येणार नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं. घरात घोटाभर पाणी उभं असताना ते सोडून द्यायला हात धजेना. माझ्या जावयाला मी हे सांगितलं तेव्हा तो फोनवर हसला. तो पुण्याचा आहे, त्याच्या इमारतीत चोवीस तास पाणी असतं. त्याला हसू द्यावं.

बादल्या भरल्या, घागरी भरल्या, जुना हौद भरला. संध्याकाळी शेजारीण स्वयंपाकाला गेली. खोलीत अजून चार बोटं पाणी होतं. माझा गुडघा बोलायला लागला होता. उरलेलं उद्या भरू, असं म्हणून मी मधल्या खोलीत कोरडा कोपरा बघून आडवी झाले. ते पाणी सकाळपर्यंत मोरीकडच्या भिंतीला टेकून उभं राहिलं.

या भिंतीबद्दल आता सांगायला हवं.

यजमान तहसिलीत आवक-जावक कारकून होते. निवृत्त झाले तरी कानावरची पेन्सिल उतरली नाही. पाणी कधी येतं याचा काही अंदाज लागावा म्हणून ते नळाशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर तारीख लिहायचे. तारखेपुढे 'पाणी आलं'. पुढे पुढे त्यांना एवढ्यावर थांबवेना. 'पाणी आलं. गढूळ.' 'पाणी आलं. ही शाळेत.' 'पाणी नाही. गल्लीत भांडण.' 'पाणी आलं. पोरगी पास.' अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. माझ्या वर्गात असते तर रोज एक पान शुद्धलेखन घातलं असतं.

मी चिडायची. "हे काय तुमचं ऑफिस आहे काय, भिंतीवर लिहून ठेवायले?"

"वही हरपते," ते म्हणायचे. "भित काय कुठी जाते?"

दर दिवाळीला मी चुना लावायची आणि ते तेवढा पट्टा सोडायला लावायचे. ते गेल्यावर मी ना त्या पट्ट्याला चुना लावला, ना बाकीच्या भिंतीला. रोज चहा घेऊन तिथे जायची आणि एखादी ओळ वाचायची. घरात दुसरं कोणी बोलायला नव्हतं. पोरीचा फोन रविवारी येतो. उरलेले सहा दिवस मी 'पोरगी पास' आणि 'गल्लीत भांडण' यांवर काढायची, हे सांगताना लाज वाटते, पण तसंच होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी पाणी आटपलं तेव्हा मी पहिल्यांदा लिखाणाकडे पाहिलं. ते माझ्या डोळ्यांच्या उंचीला होतं, शाबूत होतं. बरं वाटलं. मग खाली भिंतीवर गाळाची पट्टी दिसली. साबणाचं फडकं घेऊन ती आणि तिच्या वर उडालेले गाळाचे शिंतोडे मी खसाखसा पुसले. माझा हात जड आहे. चुन्याचे पापुद्रे फडक्याला येत होते, तरी मी पुसतच राहिले.

ड्रममधलं पाणी हंड्या-पातेल्यांत काढलं आणि ड्रम हलवायचा म्हणून मी खाली पाटावर बसले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी खाली बसतच नाही, पण त्या दिवशी बसले. ड्रम सरकवला आणि त्याच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, कोंबडीचे पाय दिसले.

'पाणी आलं. हिला उठवलं नाही.'

मला आधी काही समजलं नाही. एवढ्या खाली त्यांनी काऊन लिहिलं असेल? मग कळलं. शेवटच्या वर्षी त्यांना धाप लागायची, उभं राहवत नसे. ड्रम तेव्हा पलीकडे असे, ते मोरीपाशी स्टुलावर बसायचे. बसून लिहिलं म्हणजे एवढंच उंच येणार. मी डावीकडे पाहिलं. जिथे मी नुकतं फडकं मारलं होतं, तिथे ओळींची नुसती शेपटं उरली होती. 'उठवलं नाही.' त्याच्या खाली 'नाही.' त्याच्याखाली एक टिंब. किती ओळी होत्या, ते आता कोणाला कळणार नाही. मी त्या माझ्या हाताने पुसल्या.

त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी त्यांना भरली बादली उचलायची मनाई केली होती. घरात दोन माणसं आणि दोघंही कामातून गेलेली. तरी सकाळी उठावं तर ड्रम भरलेला, घागरी भरलेल्या, हंड्यांवर ताटल्या झाकलेल्या. मी विचारलं की म्हणायचे, "वहिनीनं भरून देल्लं." वहिनी म्हणजे शेजारीण. मी तिला पुढच्या दिवाळीला साडी घेतली होती, ती त्यासाठीच.

मी तशीच ओल्या पायांनी तिच्याकडे गेले. "त्या हिवाळ्यात आमचं पाणी तू भरायचीस ना?"

ती भाकरी थापत होती. हात थांबला. "भाऊ मले आत येऊच देत नोते वो मॅडम. मी म्हणे, मी भरते, तं म्हणत, तुमी जा, आवाजानं तिची झोप मोडंन. अन् मॅडमले सांगू नोका म्हणे."

"मग साडी काऊन घेतलीस?"

"तुमी देल्ली तं घेतली," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी रडले नाही. मला राग आला होता. डॉक्टरांनी दहा वेळा बजावलेलं, श्वास पुरत नाही, आणि हा माणूस अंधारात घागरी उचलतो, वर भिंतीवर लिहून ठेवतो, वर खोटं बोलतो! मला उठवलं असतं तर मी काठी टेकत आले असते. बसून पाइप तरी धरला असता. उन्हाळा लागायच्या आधी ते गेले. घागरींनी गेले की तसेही जाणार होते, हे मला कोणी सांगू शकत नाही, आणि ज्यांना विचारायचं ते तर भिंतीवर लिहून मोकळे झाले.

पोरगी फोनवर म्हणाली, "आई, पंखा लाव, खिडक्या उघड्या ठेव, भिंत वाळेल." मी दिवसभर पंखा लावून बसले. भिंत वाळली नाही, ओल वर चढली. पाचव्या दिवशी कमरेपर्यंत आली आणि चुन्याला फुगे धरले. ड्रममागच्या ओळीवर पांढरा खार फुटला. मी मऊ पिसाने तो झाडायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा फुटायचा. मोबाइलवर फोटो काढला. फोटोत भिंत आली, अक्षर आलं नाही.

शेवटी मिस्त्री बोलावला. हे घर त्यानेच बांधलेलं, आता त्याच्याही मिशा पांढऱ्या. त्याने बोटाच्या गाठीने भिंत वाजवून पाहिली. जागोजागी पोकळ वाजली.

"पानी किती वेळ होतं उभं?"

"दिवसभर. आणि रात्रभर."

"काऊन हो? बोळा नाही काढला?"

तो हौदाकडे, भरलेल्या बादल्यांकडे बघून समजला. त्याच्या घरीही आठ दिवसांनीच पाणी येतं.

"प्लास्टर खरडा लागते," तो म्हणाला. "ओलीच्या वर हातभर. मंग इटा उघड्या ठेवा, वाळू द्या चांगल्या. वरून रंग मारसान तं चार महिन्यात पुन्हा पोपडे."

वरचं लिखाण राहणार होतं. गढूळ पाणी, गल्लीतलं भांडण, पोरीचा निकाल, सगळं राहणार होतं. मला जे हवं होतं तेच जाणार होतं. मी त्याला ड्रममागची ओळ दाखवली. त्याने उकिडवं बसून, चष्मा लावून ती वाचली आणि ओळीच्या कडेने बोट फिरवलं.

"काढून पायतो," तो म्हणाला.

त्याने हातोडी ठेवून दिली. पातळ पट्टी घेऊन ओळीच्या चारी बाजूंनी हळूहळू कोरलं. मी खाली दोन्ही हात धरले होते. तेवढा तुकडा सुटला, माझ्या हातात आला आणि हातातच फुटला. ओली वाळू आणि चुना. एक 'ही' दिसल्यासारखी वाटली, पण ते माझ्या मनाचं असेल. मी ती वाळू तुळशीत टाकली नाही की जपूनही ठेवली नाही. थोडा वेळ मुठीत धरून मग मिस्त्रीच्या घमेल्यात टाकली.

महिनाभर विटा उघड्या होत्या. मग नवं प्लास्टर झालं, त्यात पाणी न धरणारी पावडर घातली. आता सगळं शिस्तीत आहे. धान्याची पोती घडवंचीवर. ड्रमला वरच्या कडेपाशी भोक पाडून पाइप लावला, तो सरळ मोरीत जातो. बोळ्याच्या जागी जाळी बसवली, घुशीला बंद आणि पाण्याला मोकळी. आणि नळाची तोटी मी बंद ठेवते. गल्लीत असं करणारी मी एकटीच.

तोटी बंद म्हणजे फुसफुस नाही. पाणी आलं हे आता मला कोणी सांगत नाही. म्हणून पाण्याचा दिवस जवळ आला की मी पहाटे उठून मोरीपाशी त्यांच्या स्टुलावर बसते, अधूनमधून तोटी फिरवून बघते आणि पुन्हा बंद करते. तशीही झोप फारशी नसते.

नवी भिंत होऊन पहिलं पाणी आलं त्या दिवशी ड्रम भरला, घागरी भरल्या, ताटल्या झाकल्या. उजाडायला लागलं होतं. त्यांची पेन्सिल कपाटात होती, ती आणली. स्टुलावर बसूनच, जमिनीपासून हातभर उंचीवर, माझ्या शाळेतल्या अक्षरात तारीख घातली. मग लिहिलं, 'पाणी आलं. मी जागीच होते.'